खालच्या फांदीचे पेरू

पत्र्याचा पट्टा पेरूच्या खोडाभोवती गुंडाळून त्याने शेवटचा खिळा ठोकला, तोच मागून आवाज आला.

“खोडात खिळे मारतोस? शाबास. खारीच्या आधी झाडच जाईल.”

वडील मागच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. अख्खा जन्म सुतारकामात गेलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हातातली हातोडी बघवत नाही, आणि ती मुलाच्या हातात असली तर मुळीच नाही.

“मग तुम्ही सांगा आप्पा, कशी घालवायची खार?”

“मला काय विचारतोस? मला कुठे पेरू खाता येतो? तू दात म्हणून ठोकळे करून दिलेस.”

त्याने हातोडी पिशवीत टाकली. टाकली कसली, आपटली.

त्याचा धंदा कवळ्यांचा. दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची आणि हा मेणात एकेक दात लावून, गुलाबी हिरड्या ओतून कवळ्या करून द्यायचा. खोली आप्पांची, टेबलही आप्पांचंच. त्यावरचे रंधे माळ्यावर गेले आणि मेणाच्या वड्या आल्या, ते आप्पांनी कधी माफ केलं नाही. म्हाताऱ्याचे उरलेसुरले दात पडले तेव्हा याने पैसे देणाऱ्या कुठल्या पेशंटसाठी घेतली नसेल एवढी मेहनत घेऊन त्यांची कवळी बनवली. आप्पांनी ती तोंडात घातली, आरशात पाहिलं आणि काढून पेल्यातल्या पाण्यात टाकली. तेव्हापासून पेला खिडकीत आणि आप्पा मऊ भातावर. पाहुणे आले की तो भात ते जरा जास्तच आवाज करून खात.

घरातलं घरात राहिलं असतं तरी चाललं असतं. पण आप्पा सलूनमध्ये बसून चार माणसांत सांगायचे, “पोराला सांधा जमत नाही. आधीपासूनच नाही.” ते फिरत फिरत डॉक्टरांच्या कानावर गेलं. डॉक्टर भला माणूस, फोनवर चाचरतच बोलले.

“पेशंट विचारतात हो. सख्ख्या बापाला ज्याची कवळी बसत नाही, त्याच्याकडून आम्ही का करून घ्यायची म्हणतात. वाईट वाटून घेऊ नका, सध्या मापं दुसरीकडे पाठवतो.”

वाईट वाटून घेऊ नका म्हणे. त्याच्या निम्म्या कामावर पाणी पडलं होतं. बापावर हात टाकता येत नाही म्हणून त्याचा सगळा राग खारीवर निघाला. पत्र्याच्या आधी त्याने तिखटाचं पाणी फवारून पाहिलं होतं, गाण्यांच्या जुन्या सीड्या टांगल्या होत्या, वरच्या फांद्यांना जाळी बांधली होती. खार कुंपणाच्या भिंतीवर बसून शेपटी उडवत हे सगळं बघायची. वरचे पेरू जाळीत शाबूत राहिले, पण खालच्या फांदीवरचे रोज अर्धे खाल्लेले, देठाला लटकलेले सापडत. तो ते दातओठ खात ओरबाडायचा आणि भिंतीपलीकडे भिरकावून द्यायचा.

“राग आप्पांचा आहे,” बायको म्हणाली. “खारीने तुमचं काय घोडं मारलंय?”

“तू मध्ये बोलू नकोस.”

पत्राही फुकट गेला तेव्हा त्याने पिंजरा आणला. सकाळी लावला आणि तासाभरात खार आत. ती पिंजऱ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत धडका देत होती. दुपारी त्याने नळाखाली मोठी बादली भरली. काय करणार आहे हे बायकोला बरोबर कळलं. ती म्हणाली, “हे केलंत तर मी आज घरात जेवणार नाही,” आणि दार लावून आत गेली.

“नको जेवूस,” तो बंद दाराला म्हणाला.

पिंजरा उचलून तो झाडाखालून बादलीकडे निघाला आणि त्याच्या कानाला काहीतरी गार लागलं. खालच्या फांदीवरचा पेरू होता. अर्धा खाल्लेला, खाल्लेल्या जागी अजून ओला. आणि खार तर सकाळपासून त्याच्या पिंजऱ्यात होती.

त्याने पिंजरा खाली ठेवला. पेरू तोडून उन्हात धरला. दिवसभर दात बघून पोट भरणाऱ्या माणसाने इतके दिवस उष्ट्या पेरूकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. खारीचे दात बारीक चिरा पाडतात. इथे रुंद, सरळ घास होता आणि पुढच्या दोन खुणांपैकी एक किंचित वळलेली. आप्पांच्या लग्नाच्या फोटोत त्यांचा पुढचा दात असाच वळलेला होता. भिंगाखाली तो फोटो धरून त्याने कवळीतला दात तसाच लावला होता, कुणाला न सांगता.

म्हणजे म्हातारा झाडाखाली उभा राहून, फांदीला तोंड लावून खात होता. आळ खारीवर यावा म्हणून पेरू तोडतही नव्हता.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. हा पेरू घेऊन सलूनमध्ये जावं, खुर्चीखुर्चीपुढे धरावा, मग डॉक्टरांच्या टेबलावर आपटावा. त्याने लाथेनेच पिंजऱ्याचं दार उघडलं. खार भिंतीवरून दिसेनाशी झाली.

आप्पा आतल्या खोलीत खिडकीशी बसले होते. पेल्यात कवळी होती आणि पाणी अजून डुचमळत होतं. त्याने पेरू पेल्याशेजारी ठेवला.

आप्पांनी पेरूकडे पाहिलं, मग बाहेर.

“माजलीय खार,” ते म्हणाले.

“खार पिंजऱ्यात होती आप्पा. सकाळपासून.”

डॉक्टरांचा फोन, सलून, आवाज करून खाल्लेला भात, सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण आप्पांचा अंगठा गालावरून हळूहळू खाली सरकला आणि जबड्याशी थांबला, आणि त्याला आधी तेच दिसलं.

“कुठे लागतंय?”

“डावीकडे. खालून,” आप्पा भिंतीकडे बघत म्हणाले. “बी अडकलं की जीव जातो.”

त्याने पेला उचलला. टेबलाचा दिवा लावून, बारीक कानस घेऊन तो खालची कवळी घासू लागला. आप्पा मागे येऊन उभे राहिले.

“कानस आडवी धर. जास्त खरवडू नकोस.”

“मला कळतं.”

“कळतं तर धर.”

त्याने भुकटी फुंकली, कवळी धुतली आणि न बघताच मागे हात केला. आप्पांनी दोन्ही कवळ्या बसवल्या, दात दोनदा एकमेकांवर वाजवले आणि खुंटीवरचा सदरा काढला.

“कुठे निघालात?”

“सलूनमध्ये. दाढी करून येतो.”

आप्पांनी दाढी कालच केली होती.