पार्बताबाईंच्या वांग्यावरचं नाव

मित्रांनो, माझा पंखा घरघरतो, माझी दोन-तीन बटणं दोनदा दाबावी लागतात, तरी मी अजून कामावर आहे. अकोटजवळच्या एका गावात भाजीपाला पिकवणाऱ्यांचा गट आहे, त्या गटाचा मी जुना संगणक.

माझी उमेदवारी अकोल्याच्या एका कार्यालयात झाली. तिथं म्हातारा ठरलो आणि एसटीच्या मागच्या सीटवर बसून इथं आलो. गटाचे अध्यक्ष किसनराव यांनी आपल्याच मळ्यातल्या झेंडूचा हार मला घातला. गटाचं लिहिणं-टिपणं गीतांजली सांभाळते. तिनं प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला. गटातल्या पार्बताबाई एका बोटानं आपला पासवर्ड दाबायच्या आणि आपल्या काटेरी वांग्याची नोंद ठेवायच्या. कोणत्या झाडाला फूल कधी आलं, कोणत्या फळाचं बी राखलं, सगळं. असं चार वर्षं चाललं. मला त्या बोटाचा लळा लागला.

आता माझी चूक सांगतो. प्रत्येक फाइलच्या आत मजकूर असतो आणि वर एक चिठ्ठी असते: मालक कोण, फाइल शेवटी कधी बदलली. मजकूर मी डोळ्यांत तेल घालून जपायचो. परवानगी नसेल त्याला सरळ नाही म्हणायचो. चिठ्ठी कोण बदलतंय, हे मात्र मी कधी विचारलंच नाही. ती तपासणी माझ्यात कोणी बसवलीच नव्हती.

दिवाळीआधी गीतांजलीनं माझ्या पोटातली साफसफाई काढली. लग्नपत्रिकेत घरच्या वडीलधाऱ्याचं नाव वर छापतात, तसं तिनं आदरानं सगळ्या फाइलींवर मालक म्हणून किसनरावांचं नाव घातलं. मी मुकाट्यानं घालू दिलं. फाइली पूर्वीसारख्याच उघडत होत्या, त्यामुळे कोणाला पत्ताही लागला नाही.

पुढं अमरावतीला बियाण्यांचं प्रदर्शन ठरलं. गीतांजलीनं वांग्याची फाइल पाठवली. तिथल्या लोकांनी चिठ्ठीवरचं नाव उचललं आणि सत्काराची यादी आली: उत्कृष्ट वाण, काटेरी वांगं, किसनराव. सत्कार दोन दिवसांवर होता. पार्बताबाई माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या आणि यादी दोनदा वाचून म्हणाल्या, "गीता, वांगं माहं, मंग नाव त्यायचं काहून?"

गीतांजलीनं अमरावतीला फोन लावला. ते म्हणाले, संध्याकाळपर्यंत पुरावा द्या. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण कोणी काय बदललं ते टिपून ठेवायची माझी जुनी खोड आहे. गीतांजलीनं ती नोंद उघडली. वर पहिला मालक, पार्बताबाई. खाली बदलाची तारीख आणि बदलणाऱ्याचं नाव. ते तिचंच होतं.

तिचा चेहरा उतरला. "बाई, हे म्याच केलं," ती म्हणाली. तिनं माझ्यावर ढकललं नाही, हे मी विसरणार नाही.

नोंदीचं पान तिनं लगेच अमरावतीला पाठवलं. किसनराव रिद्धपूरला दर्शनाला गेले होते आणि सकाळपासून अभिनंदनाचे फोन घेऊन चक्रावले होते. खरा प्रकार कळताच त्यांनी स्वतः प्रदर्शनवाल्यांना फोन केला. "मले वांगं फक्त खाता येते, बाप्पा. पिकवते पार्बताबाई." पलीकडची माणसं हसली आणि यादी बदलली. गीतांजलीनंही प्रत्येक फाइलीवर मूळ मालकाचं नाव परत घातलं.

दुसऱ्याच दिवशी अकोल्याहून दुरुस्तीवाला आला आणि ती राहिलेली तपासणी त्यानं माझ्यात बसवली. गीतांजलीनं मुद्दाम एका फाइलीचा मालक बदलून पाहिला, आणि पहिला नकार मी तिलाच दिला. ती खुश झाली. मित्रांनो, मी 'परवानगी आहे का' असं विचारलं तर चिडू नका. आणि दुसऱ्याच्या कामावर कोणाचं नाव घालायचं, अगदी आदरानं घालायचं, तरी आधी त्या माणसाला विचारा.

सत्काराची शाल खांद्यावर घेऊनच पार्बताबाई माझ्याकडे आल्या. फाइल उघडून त्यांनी मालकाच्या नावावर बोट टेकवलं.

"वावर धन्याच्या नावावर, घर पोराच्या," त्या म्हणाल्या. "हे एवढं माह्या नावावर हाये."

त्या बोटाचा डाग माझ्या काचेवर अजून आहे. मला पुसाल तेव्हा तेवढा राहू द्या.