मी काढलेला आभाराचा फोटो

मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला तडा गेला आहे आणि पाठ रबराने बांधलेली आहे. अक्रा शहरातल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवरून मी केटा गावी एन्योनामकडे आलो. मित्रांनो, तिने मला फार जपले. तिच्या लेकीचा, सेलीचा, पहिला फोटो मीच काढला. पुढे दात आले तेव्हा सेलीने माझाच कोपरा चावला.

एन्योनाम शिकलेली होती, पण शाळेत शिक्षिकेची जागा मिळत नव्हती. सकाळी ती आईबरोबर मासे धुरावर वाळवायची आणि दुपारी माझ्यावर नोकऱ्या शोधायची. एके दिवशी पत्र आले. परदेशात मोठ्या हॉटेलात काम, राहायला खोली, खाली गोल शिक्का. मुलाखत नाही की चौकशी नाही. मीही त्या पत्राला भाळलो, खोटे कशाला बोलू? दोन वर्षे सेलीला आजीकडे ठेवायचे, एवढेच तिच्या जिवाला लागले होते.

आमच्याकडे देवाने काही दिले की पांढरे कपडे घालून चर्चमध्ये सगळ्यांसमोर आभार मानतात. एन्योनाम म्हणाली, "आधी जाऊन तर येऊ दे."

"मिळाल्यावर कुणीही आभार मानेल," तिची आई आबला म्हणाली. "तू आधी मान. देवालाही कळू दे तुझा विश्वास."

शेवटी एन्योनाम पांढऱ्या कपड्यांत, पत्र हातात धरून चर्चमध्ये उभी राहिली. बायका रुमाल हलवत नाचल्या. तो फोटो मीच काढला, माझ्यातच आहे. पत्र पाठवणाऱ्या नोकरीवाल्या साहेबाने तो मागून घेतला. "हसरा चेहरा कंपनीला आवडतो," असे त्याने लिहिले. मग गणवेशासाठी पैसे मागितले. तेही गेले. त्यानंतर तो रोज फक्त 'उद्या' लिहू लागला.

एका दुपारी मी वाजलो. अनोळखी मुलगी होती.

"ताई, पांढऱ्या कपड्यांतल्या त्या तुम्हीच ना? मी आफेफा, आन्लोगाहून. साहेबांनी तुमचा फोटो पाठवला. म्हणाले, ही बघ, तुमच्याच भागातली, पोचलीसुद्धा! फोटोत चर्चचं नाव दिसलं, तिथून नंबर मिळवला. चर्चमधले लोक म्हणाले तुम्ही गावातच आहात. सुट्टीवर आलात वाटतं?"

एन्योनामने सेलीला जवळ ओढले.

"उद्या माझी गाडी आहे, आफ्लाओच्या सरहद्दीवरून. सगळी सर्टिफिकेटं घेऊन एकटीच ये म्हणालेत. तिकडे थंडी फार असते का हो?"

एन्योनामने फोन तोडला आणि मला तांदळाच्या डब्यात खुपसले. मला फक्त आवाज येत होते.

"आई, माझा चेहरा दाखवून तो पोरी गोळा करतोय गं!"

"हळू बोल! सगळ्यांसमोर आभार मानलेस. आता चर्चमध्ये कुठल्या तोंडाने जाणार?"

"आणि ती पोर उद्या कुठे जाणार?"

डबा उघडला. माझ्यावर तांदळाचे दाणे तसेच असताना तिने फोन लावला.

"आफेफा, मी कुठेच गेले नाही. मला नोकरी नाही, पैसेही बुडाले. तू त्या गाडीत बसू नकोस."

पलीकडून हसू आले. "साहेब म्हणालेच होते. लोक जळतात, असंच काहीतरी सांगतील."

एन्योनामने माझा कॅमेरा सुरू केला. धुराने काळी पडलेली भट्टी दाखवली, जाळीवरचे मासे दाखवले, पायाला बिलगलेली सेली दाखवली. तरी आफेफाला पटले असे वाटेना. तेवढ्यात आबलाने मला ओढून घेतले. मी धसकलो. आता ही मला बंद करणार!

तिने मला तोंडासमोर धरले. "फोटोत मागे रुमाल हलवणारी म्हातारी दिसते ना? ती मीच. मीच नाचले, मीच पोरीला पुढे ढकललं. ती खरं बोलतेय. आईकडे थांब, बाळा."

मग पलीकडे, दूर तोंड करून, आफेफाने हाक मारली, "आई... जरा इकडे ये ना."

मित्रांनो, मी पत्र दाखवतो, फोटो पोचवतो, पण खरे-खोटे मला कळत नाही. ते तुम्ही घरच्यांना विचारून, चौकशी करून ठरवा. आणि फसलातच, तर लाजून मला डब्यात लपवू नका. कुणीतरी उद्याच्या गाडीत बसायला निघालेले असते.