मुकादमाचा शर्ट

मित्रांनो, मी कोळशाची इस्त्री. वयाने तुमच्या आजोबांएवढी आणि वजनाने तुमच्या दप्तरालाही भारी. एका कारागिराने लोखंड ओतून मला घडवलं, सुताराने लाकडी मूठ बसवली आणि मी एका अरुंद गल्लीतल्या खोलीत, लोकांचे कपडे इस्त्री करून देणाऱ्या मावशीच्या हाती आले. सगळी गल्ली तिला मावशीच म्हणायची.

तिची एक रीत होती. ज्याचा कपडा टेबलावर येईल, त्याचं नाव घेऊन ती देवाशी बोलायची. "प्रभू, मास्तरांचा खोकला एकदाचा जाऊ दे." "ह्या पोरीला पेपर सोपा जाऊ दे." हात चालू, ओठही चालू. आपल्यासाठी कुणी प्रार्थना केली आहे हे ठाऊक नसताना अर्धी गल्ली कडक कपड्यांत मिरवायची. काय दिवस होते ते! माझं पोट निखाऱ्यांनी भरलेलं आणि खोलीभर ओलसर सुती कापडाचा ऊबदार वास.

मग तिच्या नवऱ्याची, काकांची, कारखान्यातली नोकरी गेली. एका मोडलेल्या यंत्राचं खापर मुकादमाने त्यांच्यावर फोडलं होतं. काका भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून राहू लागले. जेवायला हाक मारली तरी ओ देईनात. आणि दैव पाहा, मुकादमाचे शर्ट आमच्याकडेच यायचे! गिऱ्हाईक तोडणं तर परवडणारं नव्हतं. त्याचा शर्ट आला की मावशीचे ओठ मिटायचे. पण राग त्या एका शर्टापुरता कुठला थांबायला? हळूहळू ती मास्तरांच्या शर्टावरही गप्प राहू लागली, काकांवर खेकसू लागली. निखारे तेच, काम तेच, पण त्या खोलीत राहणं मला नकोसं झालं.

एका रविवारी ती चर्चमधल्या उपासनेहून आली ती अस्वस्थच. वैऱ्यासाठीही प्रार्थना करा, हे प्रभूचं सांगणं पाळकांनी त्या दिवशी पुन्हा ऐकवलं होतं. सोमवारी मुकादमाचा पांढरा शर्ट टेबलावर आला. मावशीने मला बाहीवर टेकवलं, मन घट्ट केलं, डोळे मिटले आणि मला उचलायचंच विसरली! मी तरी काय करणार? मला हाक मारता येत नाही. मला जाळता येतं, ते मी केलं.

संध्याकाळी मुकादम आला. मावशीने मान खाली घालून शर्ट पुढे केला. बाहीवर माझा तपकिरी ठसा होता.

"बाई, मुद्दाम केलंत ना हे?"

"नाही हो. तुमच्यासाठी प्रार्थना करत होते."

"माझ्यासाठी? काय मागितलंत?"

मावशीला खोटं बोलता येत नसे. "खरं सांगू? आधी तुमची चांगली खोड मोडू दे, हेच मागत बसले. त्यातच वेळ गेला. तुमचं बरं होऊ दे, इथवर पोचले तोवर बाही गेली होती."

खाटेवरून फिसकन आवाज आला. काका हसले होते. किती महिन्यांनी!

मुकादम मात्र हसला नाही. जळक्या शर्टाची घडी घालत तो म्हणाला, "आई गेल्यापासून माझं नाव कुणी देवापुढे घेतलं नसेल." मग दारात थांबून, काकांकडे न बघता, "यंत्र आधीच मोडलं होतं. मला माहीत होतं," एवढं बोलून निघून गेला.

नोकरी काही परत मिळाली नाही. तिथे दुसरा माणूस लागला होता. पण मंगळवारी सकाळी काका आपणहून उठले. त्यांनी माझी राख झाडली, निखारे भरले आणि मुकादमाचा मागे राहिलेला दुसरा शर्ट टेबलावर पसरला.

मावशी बघतच राहिली. "अहो, ह्याच्यासाठी तुम्ही?"

"मग काय करू? तू डोळे मिटतेस."

मित्रांनो, आता विजेच्या इस्त्र्या आल्या आणि मी दारामागे पडून आहे. तुमच्याही घरी माझी एखादी बहीण असेल. तिला अधूनमधून पुसा, गंज चढू देऊ नका. आणि ज्याचं नाव घेताना ओठ मिटतात, त्याच्यासाठी आजच देवाकडे काहीतरी चांगलं मागा. सुरुवातीला मनातलं वाईटच बाहेर पडेल. पडू द्या, पण तिथेच थांबू नका.