ड्रेसिंगच्या खोलीतला ओटा

इस्पितळातल्या मुलांच्या नव्या इमारतीचा सातवा नकाशा संध्याकाळी पाचला मंजुरीसाठी जायचा होता आणि शलाका सकाळपासून जुन्या वॉर्डाच्या बाकावर आवाज मोजायचं मीटर धरून बसली होती. फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झालेली ही मुलगी फतेगंजच्या एका आर्किटेक्टकडे लागली, ती आवाजाचं गणित जमतं म्हणून. तीन आठवडे ती इथे येत होती. ड्रेसिंगच्या खोलीचं दार बाकासमोरच. आत भाजलेल्या, सोलवटलेल्या पोरांच्या पट्ट्या बदलत. आतून किंकाळी आली की बाकावरची पोरं एकदम गप्प होत. खाणारं खायचं थांबे. ते गप्प होणं शलाकाला रडण्याहून जास्त लागे.

उपाय तिने शोधला होता. एका दाराऐवजी दोन दारं, मध्ये चार फूट मोकळी जागा. बाकावर कुजबुजीपलीकडे काही पोहोचलं नसतं. तिचे सर, उदयसिंहराव, नाखुशीने तयार झाले होते, कारण तेवढ्यासाठी खोली आतून आवळावी लागली होती.

वहीत बारा नोंदी होत्या. खोलीतून येणारा आवाज अकरा वेळा नव्वद डेसिबलच्या आसपास, एकदा मात्र सत्तरच्याही खाली. त्या नोंदीवर तिने काट मारून शेजारी 'मीटरचा दोष' असं लिहिलं होतं. पण काल मीटर तपासून घेतलं तर ते ठणठणीत निघालं, आणि तेव्हापासून ती काट तिला खुपत होती.

शेवटी तिने राजेश्वरी सिस्टरांना गाठलं. त्या प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमधून येत आणि सव्वीस वर्षं याच खोलीत पट्ट्या बांधत. काट मारलेली नोंद गेल्या मंगळवारची होती; त्या दिवशी अकराच्या सुमारास आत काय वेगळं झालं होतं, असं तिने विचारलं.

"काय होणार? त्या पोरीची आई ऐकेचना. म्हटलं, ये बाई आत. कपाटाला टेकून पोरीचा हात धरून बसली."

"मग रोज का नाही घेत? नियम आहे?"

"नियम कसला, जागा नाही. सव्वीस वर्षं आयांना म्हणतेय, बेन, बहार बेसो, बाहेर बसा. आता तोच नियम झालाय." सिस्टरांनी पाय बदलून भार दुसऱ्या पायावर टाकला. "तू एवढं मोजतेस, पोरं आत काय ओरडतात ते ऐकलंस कधी?"

शलाकाने ऐकलं नव्हतं. मीटरला शब्द कळत नाहीत.

पुढच्या मुलीच्या आईला सिस्टरांनी शलाकाच्या विनंतीवरून आत घेतलं. बाई कपाट आणि टेबल यांच्या बेचक्यात अंग चोरून उभी राहिली; सिस्टरांचं कोपर दोनदा तिच्या खांद्याला लागलं. पोर रडली, दुखतं म्हटल्यावर रडणारच. आकडा अडुसष्टवर गेला आणि तिथेच राहिला. बाहेर बाकावर एक चिमुरडी खाखरा खात होती. तिने दाराकडे एकदा बघितलं आणि पुढचा तुकडा मोडला.

शलाका ऑफिसात परतली तेव्हा चार वाजले होते. दोन दारं आणि आईची जागा त्या खोलीत एकत्र बसत नव्हती; तिने तीन प्रकारे मांडून बघितलं. मग स्वतःची तीन आठवड्यांची दारं पुसली आणि टेबलाच्या उशाशी, भिंतीतच, बसायला एक ओटा काढला.

तिने सगळं सांगितल्यावर उदयसिंहरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. आठव्यांदा नकाशा काढायचं बळ आपल्यात उरलं नाही, असं त्यांनी आधी सांगून टाकलं.

"आणि दोन आकड्यांवर? तुम्ही सायन्सवाले ना?"

"दोनच आहेत, सर. कमी आहेत."

"उद्या आईला आत घेतलंच नाही तर? दारंही गेली आणि आईही बाहेर."

"तसं होऊ शकतं." तिला खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "पण जागा नाही, असं म्हणता येणार नाही. स्टूल असतं तर कोणी उचलून नेलं असतं. ओटा कुठे नेतील?"

ते नकाशावर वाकले. पेन उघडलं, आणि थबकले.

"उंची किती धरलीस?"

"दीड फूट. नेहमीची."

"नेहमीची कशाला? पोर आडवं असणार. बसल्यावर आईचं तोंड त्याला दिसायला हवं. टेबल केवढं उंच आहे?"

शलाकाने वही चाळली. खोलीच्या चारी कोपऱ्यांतले आवाज होते, दाराची जाडी होती. टेबलाची उंची कुठेच नव्हती.

"सहाला पाठवतो," ते म्हणाले. "सांगतो त्यांना काहीतरी."

तिने टेप पर्समध्ये टाकली आणि स्कूटरची किल्ली शोधू लागली. सिस्टरांची ड्यूटी पाचला संपायची. त्या निघायच्या आत पोहोचलं, तर टेबलाशी कोणाला तरी बसवून बघता आलं असतं.