बाटलीला टोपरं

पहिली बाटली

बाटली खोकल्याच्या औषधाच्या बाटलीएवढी होती आणि तिच्या तळाशी कागदाची पिवळसर पट्टी पडलेली होती. समरजितने ती नंदेसरीहून, आपल्या कारखान्याच्या लॅबमधून आणली आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली.

"खुणेपर्यंत विहिरीचं पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि दीड-दोन दिवस उबेत ठेवायची. काळी पडली तर पाणी खराब."

"आणि नाही पडली तर?" त्याच्या वडिलांनी, सुभानरावांनी विचारलं.

"तर मृदुला कौमुदीला घेऊन येईल."

सुभानरावांनी बाटलीकडे जरा आदराने पाहिलं.

मृदुला म्हणजे त्यांची सून. बाळंतपणासाठी ती माहेरी, अलकापुरीतल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटवर गेली होती. कौमुदी म्हणजे नात. बारसं तिकडेच झालं. सुभानरावांनी नातीला पाहिलं होतं ते दोनदाच, तेही हात धुवून. पोटुशी असताना मृदुलाचं पोट दोन वेळा बिघडलं, आणि दोन्ही वेळा डॉक्टरांनी विचारलं होतं, पाणी कुठलं? तेव्हाच तिने ठरवलं, की विहिरीचं पाणी तपासल्याशिवाय बाळाला त्या घरात न्यायचं नाही. म्युनिसिपालिटीच्या नळाला प्रतापनगरच्या त्या टोकाला सकाळी करंगळीएवढी धार यायची, तिच्यात पिण्याचं जेमतेम भागे. अंघोळ, भांडी आणि दुपटी सगळी विहिरीवर.

"उबेत म्हणजे किती उबेत?" त्याच्या आईने, मथुराबाईंनी विचारलं.

"लहान मुलाला ठेवतो तेवढ्या," समरजित म्हणाला आणि कामावर गेला.

अठ्ठ्याण्णव सालचा जानेवारी होता. बडोद्यात थंडी पडली होती, आणि मथुराबाईंनी विणलेली लोकरीची तीन टोपरी नातीची वाट बघत कपाटात पडून होती. त्यांनी त्यातलं गुलाबी काढलं, बाटलीला घातलं, बंद हनुवटीखाली बांधावेत तसे बुचाखाली बांधले आणि बाटली देवघराच्या शेजारी, उशीवर निजवली.

सुभानराव तासातासाने टोपरं वर करून बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली शाईसारखी काळी झाली होती.


विहिरीची जबानी

ती विहीर सुभानरावांच्या अभिमानाची जागा होती. पेरूची बाग तोडून सोसायटी झाली तेव्हा बागेची विहीर ज्या प्लॉटमध्ये येत होती, तो प्लॉट कुणालाच नको होता. सुभानरावांनी तोच मागून घेतला. एसटीची गाडी चालवून दमलेला माणूस घरी येऊन आपल्या विहिरीचं थंड पाणी अंगावर घेतो, यापेक्षा मोठी जहागीर ती काय.

ते काठावर वाकले.

"काय गं, काय बिघडलंय तुझं?"

"तुझं?" विहीर म्हणाली.

सुभानरावांना उलट प्रश्न आवडत नसत. ते आत गेले.


टेलिफोन

सून: आबा, कोणता रंग?

सासरा: तसा सावळा.

सून: आबा.

सासरा: काळा.

सून: मग राहू दे. आम्ही इथे बरे आहोत.

सासरा: अगं, त्या पाण्यावर समर वाढलाय.

सून: आणि शाळेत असताना त्याला दोनदा टायफॉइड झालाय. त्यानेच सांगितलं.

सासरा: (रिसिव्हरवर हात ठेवून, बायकोला) तुझा मुलगा सासरी जाऊन काय वाट्टेल ते सांगतो.

सून: आबा, ऐकू येतंय.

सासरा: कौमुदी काय करतेय?

सून: झोपलीय. विहिरीत अजून जमादार आहे ना?

सासरा: ...

सून: आबा?

सासरा: लाइनमध्ये खरखर आहे गं.


जमादार

जमादार म्हणजे कासव. सुभानरावांचे आजोबा बडोदे सरकारच्या पागेत होते आणि त्यांच्या घरी विहिरीत कासव असे. ते शेवाळ खातं, किडे खातं, पाणी राखतं, असं घरात सगळे मानत. म्हणून या विहिरीतही सुभानरावांनी एक सोडलं आणि त्याला हुद्दा दिला. संध्याकाळी ते भाकरीचा तुकडा टाकत. जमादार वर येऊन, मान काढून, तुकडा घेऊन, काही न बोलता खाली जाई. त्याची शिस्त सुभानरावांना फार आवडे.

"पण त्याची शी कुठे जाते, आबा?" समरजितने विचारलं.

या प्रश्नाचा पागेत कुणी विचार केलेला दिसत नव्हता.

"मी म्हणत नाही की सगळा दोष त्याचा आहे," समरजित म्हणाला. "कठड्याला भेग आहे, मोरीचं पाणी झिरपत असेल. पण विहीर धुवायची, औषध टाकायचं, तर त्याला बाहेर काढावंच लागेल. आणि काढलाच, तर परत टाकायचा नाही."

"म्हणजे बडतर्फ?"

"बदली म्हणा हवं तर."

सुभानराव त्या संध्याकाळी जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण भात घेतला नाही. मग म्हणाले, "कौमुदी काय किंवा जमादार काय, दोघंही घरचेच. पण तो पोहू शकतो."

दुसऱ्या दिवशी समरजितने स्कूटर चालवली. मागे सुभानराव बसले, मांडीवर घमेलं, घमेल्यात ओलं पोतं, पोत्यात जमादार. सुरसागरच्या पायरीवर पोतं उघडलं. तलावात आधीच बरीच कासवं होती. जमादार पाण्याच्या काठाशी थांबला, मान बाहेर काढली, इकडे तिकडे पाहिलं आणि उतरून गेला.

"मागे वळून पाहिलंही नाही," सुभानराव म्हणाले.

"आबा, त्याला वळायला वेळ लागतो. आपण तितकं थांबलो नाही."

परत येताना सुभानराव रिकामं घमेलं मांडीवर उताणं न ठेवता पालथं घेऊन बसले.


कृती: विहीर, एका घरासाठी

भेगेत सिमेंट भरून घ्यावे. मोटर लावून पाणी उपसावे. तळाचा गाळ काढावा. गाळात तीन चेंडू, एक पतंगाची फिरकी आणि शेजारच्या कोकिलाबेनचं पितळेचं गाळणं निघेल. हे गाळणं मथुराबाईंनी नेलं असं कोकिलाबेन गेली काही वर्षं म्हणत आल्या आहेत. ते विहिरीत कुणाच्या हातून पडलं, हा विषय घरात काढू नये.

झऱ्याने पाणी परत चढू द्यावे. ब्लीचिंग पावडर समरजितने गणित करून सांगितली तेवढीच घ्यावी.

("चवीपुरती?" मथुराबाई.

"नाही, आई. मोजून.")

थोड्या पाण्यात वड्याच्या पिठाइतकी सैल कालवावी. पाणी वाढवून ढवळावी आणि बाजूला ठेवावी. चुना खाली बसला की वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यावे. वास घेण्यासाठी नाक जवळ नेऊ नये. (सुभानरावांनी नेले. संध्याकाळपर्यंत शिंकत होते.) बादली दोराने पाण्यात बुडवून खाली-वर, खाली-वर करावी. रात्रभर कुणीही पाणी काढू नये.

कोकिलाबेननी काढले.

"सुभानभाई," त्या सकाळी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मारी बांधणी जुओ." त्यांच्या हातात एक साडी होती. आदल्या दिवशी ती लाल होती.

"बेन, पाटी लावली होती."

"पाटी मराठी मां हती."

मथुराबाईंनी पितळेचं गाळणं आणून त्यांच्या हातात दिलं. कोकिलाबेन गाळण्याकडे बघतच राहिल्या, आणि साडीचा विषय तिथेच संपला.


दुसरी बाटली

पाण्याला आलेला औषधाचा वास जाईपर्यंत सगळे थांबले. मग बाटली भरली. या वेळी निळं टोपरं.

काळी.

समरजितने बाटली उजेडात धरली. पहिल्यापेक्षा लवकर काळी झाली होती आणि जास्त काळी होती.

"असं होऊच शकत नाही," तो म्हणाला. "आई, औषध टाकल्यावर विहिरीत काही पडलं?"

"काही नाही."

"पक्षी? पतंग?"

"छे. वर साडी बांधून ठेवली होती."

"आबा?"

"मी तर पहारा देत होतो. काही पडलं नाही."

"नक्की?"

"पडलं काही नाही," मथुराबाई म्हणाल्या. "घातलं."

"काय घातलं?"

"अरे, विहीर इतकी स्वच्छ झाली, न्हाऊमाखू घातल्यासारखी. तिची ओटी नको भरायला? पाण्याची पूजा केल्याशिवाय परीक्षेला कसं बसवायचं तिला?"

"म्हणजे काय काय?"

"नेहमीचंच. हळद, कुंकू, तांदूळ, नारळ."

"बस?"

"घुगऱ्या."

"अजून?"

"वाटीभर दूध. मोठी वाटी."

समरजित खुर्चीवर बसला.

"आबा, तुम्ही पहारा देत होता ना?"

"देत होतो म्हणजे? नारळ मीच फोडला."

मग समरजित हसायला लागला. सुभानरावही हसायला लागले, पण त्यांचं हसू मध्येच थांबलं. कारण आता फोन करायचा होता आणि तो त्यांनाच करायचा होता.


टेलिफोन, छोटा

सून: रंग?

सासरा: ओटी भरली होती.

सून: कुणाची?


या भागात काही होत नाही

पुन्हा उपसा. पुन्हा पावडर. पुन्हा पाटी, आता गुजरातीतही. विहिरीवर समरजितने लोखंडी जाळी बसवली आणि जाळीला झाकण. मथुराबाईंनी तिकडे जायचं नाही असं ठरलं. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून विहिरीला हात जोडत.

सुभानराव खुर्ची घेऊन काठाशी बसत. उत्तरायण तोंडावर आलं होतं, आभाळ पतंगांनी भरलं होतं आणि तुटलेला प्रत्येक पतंग आपल्याच विहिरीवर चाल करून येतोय असं त्यांना वाटे. हातात लांब काठी असे. पाणी तळाशी हललं की ते सवयीने म्हणत, "जमादार?" आणि मग गप्प होत. संध्याकाळी भाकरीचा तुकडा स्वतःच खात.


तिसरी बाटली

तिसरी बाटली सकाळी भरली आणि तिला शेवटचं, पिवळं टोपरं घातलं. आधीची दोन मथुराबाईंनी धुवून वाळत टाकली होती. बाटली जेमतेम उशीवर टेकली असेल, तेवढ्यात फोन वाजला.

विहीणबाईंचा होता. निरुपमाबाई निवृत्त शिक्षिका. त्यांचे वडील सरकारी विद्याखात्यात होते, आणि जंतू या विषयावर त्या एकही टिपण न बघता तासभर बोलू शकत.

"सुभानराव, उद्या कौमुदीला सव्वा महिना होतोय. मृदुलाला विहीर पुजायची आहे. आमच्या फ्लॅटला कुठली विहीर? खाली बोअर आहे, त्याची पूजा करायची म्हणजे मोटारीच्या डब्याला कुंकू लावायचं. तर आम्ही येतो. पूजा करू आणि लगेच परत जाऊ. पाण्याचं तुमचं अजून काही ठरलेलं नाही ना?"

"बाटली पडलीय," सुभानराव म्हणाले. "म्हणजे निजलीय. परवा सकाळी कळेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षातून तिघी उतरल्या. निरुपमाबाईंच्या एका हातात उकळलेल्या पाण्याचा थर्मास होता आणि दुसऱ्या हातात पूजेचं ताट. मृदुलाच्या खांद्यावर कौमुदी झोपलेली. सुभानरावांनी हात धुतलेले होते. ते तसेच पुढे करून उभे राहिले, आणि मृदुलाने नात त्यांच्या हातांत दिली.

मग सगळे विहिरीशी आले. निरुपमाबाईंनी विहिरीला हळदकुंकू वाहायला ताट उचललं आणि म्हणाल्या, "हे झाकण काढा."

"नाही," सुभानराव म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"विहिरीत काही टाकायचं नाही. हळद नाही, कुंकू नाही, नारळ नाही. घुगऱ्या तर मुळीच नाहीत." त्यांनी मान वळवून हाक मारली, "अगं, परात आण."

मथुराबाईंनी स्टीलची परात आणून जाळीच्या झाकणावर ठेवली. तिच्यात तांब्याभर विहिरीचंच पाणी होतं.

"पूजा हिची करा. पाणी तेच आहे."

"सुभानराव, ही रीत आहे," निरुपमाबाई म्हणाल्या. "पोरीच्या हातून विहिरीची ओटी भरायची ती विहिरीतच."

"मला माहीत आहे. मागच्या खेपेला मी नारळ फोडलाय. बाटली काळी झाली."

"पण ही बाटली तर कालच भरली ना? आता काही टाकलं तरी तिला काय होणार?"

शिक्षिकेचा मुद्दा बरोबर होता. सुभानराव क्षणभर अडखळले. त्यांनी झोपलेल्या नातीकडे पाहिलं.

"बाटलीला काही होणार नाही," ते सावकाश म्हणाले. "बाटली पास होईल. विहीर नापास होईल. आणि अंघोळ बाटलीने घालायची नाही हिला."

निरुपमाबाईंनी ताट तसंच धरून ठेवलं. मृदुलाने मात्र सासऱ्यांकडे पाहिलं. ते खुर्ची आणि काठी सोडून, नातीला घेऊन, बरोबर झाकणाला आडवे उभे होते. जमादारही असाच मान काढून पाणी राखायचा.

तिने आईच्या हातातलं ताट घेतलं, परातीपुढे उभी राहिली आणि ओटी भरली. सगळं परातीत. घुगऱ्या पाण्यावर तरंगल्या.

"दूध पण," मथुराबाई हळूच म्हणाल्या. मृदुलाने दूधही ओतलं.

आत आल्यावर तिने विचारलं, "बाटली कुठाय?"

मथुराबाईंनी उशी दाखवली. मृदुला बघत राहिली. उशीवर पिवळं टोपरं घातलेली बाटली निजली होती, बुचाखाली बंदांची नीट गाठ.

"हे कौमुदीचं?"

"तिन्ही तिचीच. दोन वाळताहेत."

मृदुला खाली बसून इतकी हसली, की कौमुदी जागी होऊन रडायला लागली. उन्हं उतरत होती, हवेत गारठा आला होता आणि बाळाचं डोकं उघडं होतं.

मृदुलाने गाठ सोडली. टोपरं काढून कौमुदीच्या डोक्यावर घातलं. बरोबर बसलं. किंचित सैल.

"अगं, पण बाटली गार पडेल," सुभानराव म्हणाले. "मग तिचा निकाल खरा कसा धरायचा?"

"तुमच्या स्वेटरमध्ये ठेवा," मृदुला म्हणाली. "आणि सकाळपर्यंत काढू नका. मला बघायचीय ती. आई, तू रिक्षा सोडून दे, आम्ही इथेच राहतो."

निरुपमाबाईंनी थर्मास टेबलावर ठेवला. "हे पुरवून वापरा," म्हणाल्या. "निकाल लागेपर्यंत."

सुभानराव त्या रात्री उताणे झोपले, काखेत बाटली, कूस न बदलता. सकाळी स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर त्यांनी ती बाहेर काढली. समरजितने ती खिडकीशी धरली. पट्टीचा रंग उतरून पाणी फिकट चहाच्या रंगाचं झालं होतं, काळं नव्हतं. बाटली भरली तेव्हा होतं तसंच.

मथुराबाईंनी खिडकीतून विहिरीला हात जोडले, रिकाम्या हातांनी.

मृदुला कौमुदीला तेल लावत होती. मान वर न करता म्हणाली, "आबा, बंब पेटवलाय. एक बादली काढा."

"थर्मासमधलं संपलं?"

"आहे की. विहिरीचं काढा."

सुभानराव काठाशी गेले, झाकण उघडलं आणि बादली सोडली. ती पाण्याला लागल्याचा आवाज आला. भरलेली बादली वर येताच त्यांनी आधी नाक जवळ नेलं, मग दोन्ही हातांनी तिच्यावर ताट झाकलं, आणि आभाळात एक पतंग तुटून इकडेच येत होता, तर त्याच्याकडे डोळे वटारून बघत बादली आत नेली.