एक्केचाळीस नंबरचा पंप

मेडशीच्या वच्छलाबाईनं आजवर कोणाच्या धुऱ्या-बांधावरचं बोरसुद्धा उचललं नव्हतं, अन् सरकारचा कम्प्युटर तिलाच चोर म्हणत होता! मोबाईलवर मेसेज आला: अनुदानातला फवारणी पंप विकल्याचा संशय, अनुदान थांबवले. तेही तिच्या एकटीचं नाही. तिच्या शब्दाखातर फॉर्म भरणाऱ्या चौघींचंही. पैशापेक्षा हेच तिला जास्त झोंबलं. काल ती मालेगावच्या हापिसात भांडून आली, पण उपयोग शून्य.

झालं होतं ते एवढंच. पंप घेतला की तो आपल्या शेतात वापरतानाचा फोटो पाठवायचा, मग कम्प्युटर पंपावरचा नंबर बिलाशी ताडून पाहतो. पण या पाचजणी सावडीनं काम करायच्या. आज सगळ्या हिच्या वावरात, उद्या सगळ्या तिच्या. हाताला लागेल तो पंप पाठीवर. त्यामुळे वच्छलाबाईच्या फोटोत पौर्णिमाचा पंप, पौर्णिमाच्या फोटोत चंदाबाईचा. कम्प्युटरला कुठली सावड ठाऊक? त्याला ना शेजार ना पाजार!

दुपारी कृषी खात्याचा रविकांत तपासणीला वावरात आला. गावचाच पोरगा, पण आज चेहरा कडक करून आला होता.

"मावशी, पाचच्या आत पाचही पंप दिसले पाहिजेत. एक जरी कमी भरला, तरी पाचही अर्ज रद्द."

"पाह्य नं बाप्पा, कोण नाही म्हणते?" वच्छलाबाई म्हणाली.

त्यानं पंप उलटेपालटे करून नंबर वाचले. चार भरले, जिचा तिला मिळाला. पाचवा नव्हता. एक्केचाळीस नंबर, खुद्द वच्छलाबाईचा. काल ती मालेगावात असताना पंप कुठं गेला? अन् ही पौर्णिमा पदर तोंडात कोंबून हसते काहून?

"ज्याच्यापाशी हा पंप सापडन, त्याचं नाव रिपोर्टात टाकीन," रविकांत म्हणाला. "मंग तो कोणी का असेना."

"टाकसान? नक्की?" पौर्णिमानं विचारलं.

"नक्की!"

"मंग चाला."

दोन वावरं ओलांडून ती थांबली. समोर सोयाबीनमध्ये एक म्हातारी पंप पाठीला लावून फवारत होती. रविकांत जागीच थिजला. ती त्याची माय होती, ललिताबाई.

"माय! तू?"

"मंग कोण? काल सावड माह्या वावरात होती. अर्धं राह्यलं, म्हणून पंप ठेवून गेल्या बिचाऱ्या." ललिताबाईनं कपाळाचा घाम पुसला. "मले फॉर्म भरू नाही देला तू. सायबाच्या घरी अनुदान नको, लोक नावं ठेवतात म्हणे. ठीक हाय. पण इकत घेऊन देतो म्हणला होता, त्याचं काय झालं?"

रविकांतची मान खाली गेली. वच्छलाबाईला हसूही आलं अन् त्या पोराची कीवही आली. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय!

"राहू दे रे," ती म्हणाली. "मायचं नाव नको टाकू."

"नाही मावशी, टाकतो." त्यानं मोबाईल काढला अन् बोलत बोलत लिहिलं, "पंप विकलेला नाही. सावडीत माझ्या आईकडं आढळला."

मग वच्छलाबाईच्या वावरात, तिच्या पाठीवर एक्केचाळीस नंबर लावून त्यानं फोटो काढला अन् पाठवला. पाचाला दहा मिनिटं कमी होती. मोबाईल वाजला: पाचही अर्जांची पडताळणी पूर्ण. पाचहीजणी एकदम ओरडल्या, वच्छलाबाईच्या तर डोळ्यांत पाणीच आलं.

"झालं तुमचं?" धुऱ्यावरून ललिताबाई ओरडली. "अन् माह्या अर्ध्या वावराचं काय?"

रविकांतनं निमूटपणे बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत वर केली. वच्छलाबाईनं पंप उतरवून त्याच्या पाठीवर चढवला अन् पट्टा नीट आवळला.

"जाय, कर मायचं काम," ती म्हणाली. "पण आता फोटो नको पाठवू बाप्पा. नाहीतर तुह्यावर संशय येईन!"