शेवटच्या उड्डाणातली एक जागा

मित्रांनो, ज्याच्या पंखाच्या सावलीत बसून तुम्ही भाताचे गोळे खात आहात, ते जुनं विमान मीच. शेजारी ‘हात लावू नये’ अशी पाटी आहे. तुम्ही ती वाचता आणि मग हात लावता. लावा बापडे. माझा राग तुमच्यावर नाही.

माझा जन्म नागोयाजवळच्या एका कारखान्यात झाला. आपल्याच देशात बनलेलं विमान म्हणून तेव्हा माझं केवढं कौतुक! मला पाहायला माणसं कुंपणाला चिकटून उभी राहत. माझा आवाज मात्र भयंकर होता. आत बसलेल्या नवरा-बायकोला भांडायचं असलं तर उतरेपर्यंत थांबावं लागे.

पुढे कागोशिमा ते हे उसाचं बेट अशी माझी रोजची फेरी सुरू झाली. नव्या नवऱ्या, शाळेचे मास्तर, काळ्या गुळाची खोकी, अस्थिकलश, सगळं मी नेलं-आणलं. मी कुठल्या प्रकारचं विमान आहे याच्याशी इथल्या लोकांना काही देणंघेणं नव्हतं. ते नुसतं ‘आलं बरं का’ म्हणत आणि उसाच्या शेतातून माना वर होत.

मग मी म्हातारा झालो आणि माझ्या जागी जेट आणायचं ठरलं. या बेटावरून कागोशिमाला जायच्या माझ्या शेवटच्या उड्डाणाची तारीख जाहीर झाली. त्याबरोबर, ज्यांनी जन्मात माझ्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, त्यांना एकदम माझा उमाळा आला. टोकियो, ओसाका, कुठून कुठून माणसं आली. आयुष्यभरात आपण किती प्रकारच्या विमानांत बसलो, हे मोजत फिरणारी ही मंडळी. त्यांनी माझी एकूण एक जागा घेऊन टाकली.

दारालगतच्या जागेवर शिराइवा नावाचे टोकियोचे गृहस्थ होते. ते शेजाऱ्याला ओरडून सांगत होते, “जंबोत बसलोय, तीन इंजिनांच्यात बसलोय, पाण्यावर उतरणाऱ्यातसुद्धा बसलोय. हे एवढं एक राहिलं होतं. आता उद्या मेलो तरी चालेल!”

“मरा सावकाश,” शेजारी म्हणाला, “आधी माझा फोटो काढा.”

इतक्यात विमानतळावरचा साकोदा टोपी हातात घेऊन आत आला. कमरेत वाकून म्हणाला, “मंडळी, सांगायला फार संकोच वाटतो. खाली आपल्या त्सुरुए आजी उभ्या आहेत. त्यांचे मालक कागोशिमाच्या इस्पितळात शेवटच्या घटका मोजतायत. आजच या, असा फोन आलाय. समुद्र खवळलाय, बोट बंद आहे. कुणाला एक जागा सोडता आली तर… उद्या सकाळच्या जेटनं तुमची सोय मी करतो.”

त्या मालकांना मी ओळखत होतो. महिन्यापूर्वी माझ्या तीन खुर्च्या पाडून त्यांना आडवं ठेवून मीच नेलं होतं. गाय विण्याच्या बेतात होती, म्हणून त्यांनीच आजीला मागे ठेवलं होतं.

साकोदाचं बोलणं ऐकून सगळ्यांनी माना खाली घातल्या. “फार वाईट झालं हो,” असंही कुणी म्हणालं. उठलं कुणीच नाही. साकोदा शिराइवांच्या अगदी पुढ्यात उभा होता, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. शेवटी ते दारापर्यंत गेले.

“आजी, या ना. माझ्या जागेवर बसा.”

“छे छे, नको हो नको! तुम्ही एवढ्या लांबून आलात. माझ्यापायी तुमचा खोळंबा कशाला?”

असं म्हणताना तिचा एक पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर होता. मित्रांनो, इथे पहिल्या आग्रहाला कुणी हो म्हणत नाही. चहा असो की उकडलेलं रताळं, दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा संकोचून घ्यायचं. टोकियोतही हेच चालतं. शिराइवांना त्यांच्या आईनं हेच शिकवलं असणार.

“असं म्हणता? बरं मग, राहिलं,” ते म्हणाले आणि वळले. इतक्या चपळाईनं पट्टा बांधणारा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही.

“साहेब, त्या आपलं नुसतं…” साकोदा म्हणू लागला.

“अहो, विचारलं ना मी? त्याच नको म्हणाल्या. आता काय ओढून आणू?”

निघायची वेळ झाली होती. आजीनं पाय मागे घेतला आणि त्यांनाच वाकून नमस्कार केला. दार लागलं. रीतीप्रमाणे खालची माणसं ओळीनं उभी राहून मला हात हलवू लागली. त्या ओळीच्या टोकाला तीही होती. आतली मंडळी रडत होती. खरंच रडत होती, माझ्यासाठी! मला त्या रडण्याची किळस आली.

आजीचा नवरा त्याच संध्याकाळी गेला. ती दुसऱ्या दिवशी जेटनं पोचली, तेव्हा त्याच्या गार कपाळावर हात ठेवण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. मला बोटीनं परत आणून या बागेत उभं केल्यावर, मला धुवायला येणाऱ्या साकोदानं हे सांगितलं.

गेल्या वसंतात शिराइवा बायकोला घेऊन इथे आले. बाकावर त्सुरुए आजी बसली होती.

“आजी, आमचा दोघांचा एक फोटो काढता का?”

तिनं काढला. तिनं ओळखलं होतं, त्यांनी नाही.

“याच्या शेवटच्या उड्डाणात मी होतो बरं का! तुम्ही कधी बसलात याच्यात?”

“नाही हो. एकदा जागा मिळत होती. मीच नको म्हटलं.”

“अरेरे! मोठी संधी घालवलीत, आजी.”

“हो ना,” ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारख्यानं खरं तर तुमच्याकडे रंगाचा एक हात मागायला हवा, कारण माझ्या इंजिनांचे पंखे गंजले आहेत. गंजू द्या. मला रंग नको. फक्त तुमच्या दारात कुणी पाय पुढे टाकून ‘नको’ म्हणालं, तर त्याच्या पायाकडे बघा आणि आणखी एकदा विचारा. त्या दिवशी ती बसायला तयार होती.